‘म्हणून’ खोडणारे सर

आमच्या सरांना कुणी नमस्कार केला की ते शर्टाच्या खिशातून एखादं फूल काढायचे, त्या माणसाच्या नाकासमोर धरायचे आणि विचारायचे, "हे किती रीतींनी कापलं तर दोन सारखे तुकडे होतील?"

समोरचा कोण आहे, घाईत आहे का, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. इस्लामपूरच्या स्टँडवर त्यांनी कंडक्टरला भोपळ्याचं फूल दाखवलं होतं. कंडक्टर म्हणाला, "सर, आधी तिकीट सांगा, मग फूल कापू." भोपळ्याचं फूल पाच रीतींनी कापता येतं, तुरीचं एकाच. आणि प्राचार्यांच्या केबिनसमोर कर्दळ होती, तिचं फूल कसंही कापा, दोन सारखे तुकडे होतच नाहीत. नवे प्राचार्य रुजू झाले त्या दिवशी सरांनी त्यांना कर्दळीचं फूल दिलं. प्राचार्य स्वागत समजून "थँक यू" म्हणाले आणि खुर्चीत बसले. सर उत्तराची वाट बघत उभेच. शेवटी शिपायाने त्यांना हाताला धरून बाहेर आणलं.

मी त्यांच्या हाताखाली वनस्पतिशास्त्र शिकले आणि पुढं त्याच विभागात तासांवर शिकवायला लागले. म्हणजे विद्यार्थिनी आणि सहकारी अशी दोन्ही नाती त्यांच्याशी जमली. तरी ते मला समजले असं मी कुणाला छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

त्यांची दुसरी खोड पहिलीपेक्षा महागात पडणारी होती. आमच्या वह्यांमधला ‘म्हणून’ हा शब्द ते लाल शाईने खोडायचे. मी पहिल्या चाचणीत मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, ‘काही फुलांना मागच्या बाजूस मधाची नळी असते, म्हणून तिथे ठरावीक कीटकच येतात, म्हणून त्या फुलांच्या जाती वाढत जातात.’ दोन्ही ‘म्हणून’ खोडलेले. बाकी वाक्य तसंच. मी वही घेऊन गेले.

"सर, पुस्तकात असंच आहे."

"पुस्तकात आहे. तुम्ही बघितलं का?"

"काय?"

"नळी बघितली?"

"हो."

"कीटक बघितला?"

"हो, एकदा."

"आणि जाती वाढताना बघितल्या?"

हे सगळं व्हायला लाखो वर्षं लागतात, मी कुठून बघणार?

"मग ‘आणि’ लिहा," सर म्हणाले. "नळी आहे आणि जाती पुष्कळ आहेत. ‘आणि’ खरं आहे. ‘म्हणून’ मिळवावं लागतं."

आम्ही ‘आणि’ लिहायला लागलो. विद्यापीठाच्या परीक्षेत ज्यांनी ‘आणि’ लिहिलं त्यांचे मार्क गेले, कारण पेपर तपासणाऱ्यांना ‘म्हणून’ हवं होतं. एका मुलीचे वडील, फौजेतून आलेले सुभेदार, थेट विभागात आले. मोठा आवाज. "आवं, पोरीचं वर्ष वाया गेलं तर कोन भरून देनार?" सरांनी खिशात हात घातला. पण त्या दिवशी फूल निघालं नाही. सर म्हणाले, "तुमी म्हनताय ते बरोबर हाय. मी पोरांना दोन्ही लिहायला शिकवतो, परीक्षेचं वेगळं आन् खरं वेगळं." सुभेदार आणखीच गोंधळले. त्यांना भांडायचं होतं, पण समोरचा कबूल झाला होता, आणि नेमका कशाला कबूल झाला तेही कळत नव्हतं.

सर असे का, याबद्दल स्टाफरूममध्ये मतं होती. कुणी म्हणे, लहानपणी विहिरीत पडले होते. कुणी म्हणे, पीएचडी अर्धवट राहिली त्याचा धक्का. एकदा मी काकूंनाच, म्हणजे त्यांच्या बायकोलाच विचारलं. त्या ताटात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लग्नात अंतरपाट धरला होता तवा हे मुंडावळ्यांतल्या फुलांच्या पाकळ्या मोजत हुते. त्याच्या आधीचं मला म्हाईत न्हाई."

सर मूळचे म्हसवडच्या बाजूचे, धनगराच्या घरातले. वडील मेंढरं घेऊन अर्ध वर्ष बाहेर असायचे. त्या मुलखात फुलं म्हणजे तरवड, रुई, बाभळीचे पिवळे गोंडे आणि पाऊस झालाच तर चार गवतं. कॉलेजात ते जपून, पुस्तकी बोलायचे. डोंगरावर गेले किंवा गावाकडचं माणूस समोर आलं की माणदेशी बोली आपोआप बाहेर यायची.

मी शिकवायला लागल्यावर एका सप्टेंबरात आमची सहल साताऱ्याच्या वरच्या सड्यावर गेली. सडा म्हणजे उघडा कातळ, त्याच्यावर वीतभर माती आणि त्या मातीत जिकडंतिकडं फुलं. धुकं होतं. धुकं हललं की समोर जांभळा पट्टा दिसायचा, परत हललं की पांढरा, मग पिवळा. आम्ही मोबाइल काढून फोटो काढत सुटलो. सर मात्र एका दगडावर पाय पसरून बसले होते आणि त्यांचा चेहरा एखाद्याने फसवल्यासारखा झाला होता.

"सर, बरं वाटत नाही का?" मी विचारलं.

"एवढं कशाला लागतं गं?" ते म्हणाले. "आमच्याकडं चार झाडांवर मेंढरं जगली, मानसं जगली, माशा जगल्या. हितं बघ. एका वावराएवढ्या जागंत किती परकारची फुलं हायती. कशाला?"

मग त्यांनी सांगितलं. बारावीनंतर ते मामाबरोबर साताऱ्याला आले होते, सैन्यात भरती व्हायला. उंची भरली नाही. मामाने समजूत घालायला सड्यावर फिरवून आणलं. "तवा पयल्यांदा बघितलं. मी रडायचं इसरलो. डोकंच चालंना. घरी गेलो आन् बाला म्हनलं, मला त्या फुलांचं शिकायचंय. बा म्हनला, खातेत का मेंढरं ती?"

सांगता सांगता त्यांनी पायाजवळचा तेरडा उपटला. गुलाबी फूल, मागं बारीक वाकडी शेपूट, तीच ती मधाची नळी. मुलं जमा झाली. सर म्हणाले, "ह्या तेरड्याचं गोत जगात हजारावर जातींचं आहे. आणि याचा एक सख्खा भाऊ आहे, पाण्यात उगवतो. त्यालाही शेपूट आहे. त्याची अख्ख्या जगात जाती किती? एकच. दोघं एकाच घरातले, दोघांना शेपूट. एकाचा एवढा मोठा गोतावळा, दुसरा एकटा. आता सांगा, शेपटीनं काय केलं?"

मागून एक मुलगा म्हणाला, "सर, तेरड्याची शेंग हात लावला की फुटते, बी उडतं. त्यामुळं असेल."

"असंल."

"मग तेच कारण?"

"असंल म्हनलं. हाय म्हनलं न्हाई."

मुलगा हिरमुसला. परतीच्या गाडीत तो मला म्हणाला, "मॅडम, सर उत्तर लपवून ठेवतात का त्यांना येतच नाही?" मी हसून वेळ मारून नेली. खरं तर मलाही तेच विचारायचं होतं, पण कुणाला विचारणार?

पुढं माझं लग्न झालं आणि मी तासगावला आले. सासरी द्राक्षबाग. सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्या. माणसं चांगली. नवरा बागेतच राबणारा, कमी बोलणारा. इस्लामपूरला रोज जाणं-येणं जमेना, तासांची नोकरी सुटली. आणि मूल होईना.

त्या वर्षांमध्ये मला ‘म्हणून’ या शब्दाची खरी ओळख झाली. जास्त शिकली म्हणून. उशिरा लग्न केलं म्हणून. स्कूटी चालवते म्हणून. बागेत फवारणी चालू असताना गेली म्हणून. म्हसवडच्या सिद्धनाथाचा नवस फेडायचा राहिला म्हणून. गल्लीतल्या प्रत्येक बाईकडं एकेक होता आणि सगळे माझ्याच दारात आणून ठेवलेले. डॉक्टरांच्या चकरा झाल्या, त्याही माझ्या एकटीच्या. माझे रिपोर्ट ठीक आले तर बायका म्हणाल्या, रिपोर्टात सगळं थोडंच दिसतं!

आत्या थेट काही बोलत नसत. पण परसात त्यांनी माहेराहून कंद आणून करटुलीचा वेल लावला होता. पावसाळ्यात तो कुडावर चढायचा, पिवळी फुलं यायची, गळून जायची. फळ एकही नाही. आत्या धुण्याची बादली घेऊन जाताना त्याच्याकडं बघून म्हणायच्या, "वांझोटा हाय ह्यो. ह्या खेपंला उपटूनच टाकायचा." त्या वेलाला बोलत होत्या की मला, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आज त्यांना विचारलं तर त्याही शपथेवर सांगू शकणार नाहीत.

अशाच एका श्रावणात सर आणि काकू आमच्या दारात उभे. सर निवृत्त होणार होते, निरोपसमारंभाचं बोलावणं द्यायला आले होते. फोनवर सांगता आलं असतं, पण सरांना फोनवर बोलणं जमायचं नाही. पलीकडच्याला फूल दाखवता येत नाही ना!

चहा झाला. मामांनी बागेचं सांगितलं, ढगाळ हवेने कसा ताप दिलाय ते. मामांना पाहुण्यांना परस दाखवायची हौस. सगळे मागं गेलो. आत्यांनी सवयीने वेलाकडं बोट केलं. "सर, तुमी झाडांचं शिकलेलं. ह्यो बघा. फुलतोय, पर धरत न्हाई. वांझ हाय."

सर वेलाजवळ गेले. गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं भिंग असायचं, ते डोळ्याला लावलं. एक फूल उलटं करून बघितलं, मग दुसरं, मग तिसरं. त्या फुलांखाली बारीक, काटेरी, हिरवी गाठ होती. फळ व्हायला लागणारं सगळं तयार.

"वेल वांझ न्हाई," ते म्हणाले. "ही मादी हाय. करटुलीत नर वेल निराळा असतोय, मादी निराळी. हिच्यात कायबी कमी न्हाई. तुमी नर बघितला का?"

"म्हंजी?" आत्या म्हणाल्या.

"फळ धरंना झालं की समदी मादीकडं बघत्यात, कारन फळ तिच्यावर दिसतंय. नराला कोन बघतच न्हाई. आधी नर बघा. मग हिला नाव ठेवा."

मामा घसा खाकरून आकाशाकडं बघायला लागले. आत्यांच्या हातातला पदर हातातच राहिला. माझा नवरा गोठ्याच्या खांबाला टेकून उभा होता, तो मान खाली घालून पायाने माती उकरायला लागला. माझ्या कानशिलांतून जाळ निघत होता. काकू माझ्याकडं बघत होत्या, मी त्यांच्याकडं.

आणि सर? सर पुढं बोलतच होते, अगदी वर्गात बोलावं तसं. नर-मादी निराळी ठेवणारी घराणी फार काळ टिकत नाहीत असं पूर्वी मानत होते, आता म्हणतात तसं सरसकट नाही, काही घराणी चांगली पसरली, काही आटली, कुठं फळ पाखरांनी खाण्याजोगं असतं, कुठं वारा पराग नेतो... हे कुणाच्याच कानात शिरत नव्हतं. मग त्यांनी एक फूल तोडलं, मामांसमोर धरलं आणि विचारलं, "हे किती रीतींनी कापता येईल?"

मामा म्हणाले, "आवं, जेवून जावा."

ते गेल्यावर घरात कुणी त्याविषयी बोललं नाही. पण त्याच आठवड्यात नवरा मला म्हणाला, "मिरजंला डॉक्टरकडं दोघंबी जाऊ. माझीबी तपासनी करू." इतकंच. मी हो म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. मी रडले ते सुटकेने, की रागाने, की त्याची कीव येऊन, ते मला अजून उलगडलेलं नाही.

तपासण्या झाल्या. त्याच्यातही काही दोष निघाला नाही. डॉक्टरीणबाईंनी दोघांचे कागद पुन्हा पुन्हा उलटून बघितले आणि म्हणाल्या, "काही जोडप्यांत कारण सापडतच नाही." नवरा बाहेर येऊन गाडीला किल्ली लावताना म्हणाला, "म्हंजी कुनाचंच न्हाई." आणि हसला. कितीतरी दिवसांनी हसला. आम्ही सांगलीत थांबून भेळ खाल्ली.

मामांनी पुढच्या पावसाळ्यात डोंगराकडून नर वेल आणून लावला. तो शेजाऱ्यांच्या शेळीने खाल्ला. आत्यांनी दोन दिवस शेळीला शिव्या दिल्या, वेलाला मात्र पुन्हा नाव ठेवलं नाही.

सर मुद्दाम बोलले होते का? मी त्यांना एकदा विचारलंच. ते दचकले. "मी करटुलीबद्दल बोलत होतो," म्हणाले. "दुसरं काय होतं तिथं?" मग काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "येष्टीत बसल्यावर इस्लामपूर येईस्तोवर एक शब्द बोलले न्हाईत. उतरताना मला म्हनले, मी चुकीचं बोललो का गं? आता हे त्यांना तवा सुचलं का आधीपासून ठावं हुतं, मला बी कळलं न्हाई."

निरोपसमारंभाला आम्ही दोघं गेलो. शाल, श्रीफळ, हार. प्राचार्य भाषणात म्हणाले, "सरांनी आयुष्यभर एकाच प्रश्नाचा ध्यास घेतला, फुलझाडांच्या जाती इतक्या का? आज ते आपल्याला त्याचं उत्तर देणार आहेत." सरांनी असं कबूल केलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. ते उठले. माइक खाली ओढला. उंचीचा प्रश्न होताच.

"शेपूट आली आणि जाती वाढल्या, असं झालंय," ते म्हणाले. "शेपूट आली आणि काहीच झालं नाही, असंही झालंय. झाड वर्षात मरतं की शंभर वर्षं जगतं, माशी कुठली, फळ फुटतं की पाखरू खातं, डोंगर तुटक आहेत की सलग, पाऊस कधी येतो, हे सगळं एकमेकांत गुंतलंय. मी यातला एकेक धागा ओढून बघितला. दर वेळी सगळं गाठोडंच हललं. पूर्वी मला वाटायचं, माझा अभ्यास कमी पडतोय, तेवढ्यानं गोंधळ होतो. आता वाटतं..."

ते थांबले. ते छताकडं बघत होते. आता येणार, आता येणार, असं सगळ्यांना वाटत असताना सरांनी माइक सोडला आणि खुर्चीत जाऊन बसले. टाळ्या वाजल्या, पण उशिरा आणि तुकड्यातुकड्याने. माझ्या शेजारी बसलेले नवीन प्राध्यापक कुजबुजले, "संपलं का?" नवरा मात्र जोरात टाळ्या वाजवत होता. मी विचारलं, "तुम्हाला कळलं?" तो म्हणाला, "न्हाई. पर मानूस खोटं बोलत न्हाई."

त्यानंतर सर आणि काकू म्हसवडकडं गावी राहायला गेले, आणि आम्ही दोघांनी मूल दत्तक घ्यायचा निर्णय घेतला. कागदपत्रं, चौकशा, वाट बघणं, फार काळ गेला. आत्या विरोधात होत्या. "कुनाची, कुठली, काय रगात..." मामा काहीच बोलत नव्हते, ते जास्त जड जायचं. शेवटी मुलगी घरी आली. बोलायला, चालायला लागलेली, केस भुरे, नजर धीट. पहिल्या दिवशी ती सगळ्यांच्या चपला एका ओळीत लावून बसली.

गल्लीतल्या बायका तिला बघायला येत आणि आमच्याकडं सगळ्या पोरांना विचारतात तोच प्रश्न विचारत, "तू कुनाची गं?" पोर बघत राहायची. दिवसातून पुन्हा पुन्हा तोच प्रश्न. माझ्या जिवाचं पाणी व्हायचं.

आणि मग काही महिन्यांनी एक गंमत सुरू झाली. आत्या शेजारणीला सांगत होत्या, "बोलताना मान कशी वाकडी करती बघ. हुबेहूब माझा ल्योक." मी ऐकलं आणि चक्रावले. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली बाई. लक्षण कुठून येतं, पिढीतून पिढीत कसं जातं, हे मी मुलांना शिकवलंय. हे असं होत नाही, हे मला माहीत आहे. पण मी बघितलं तर ती खरंच मान वाकडी करत होती. मामांच्या मागं बागेतून चालताना दोन्ही हात पाठीमागं बांधत होती, मामा बांधतात तसे. माझी स्वतःची सवय, विचार करताना कानाची पाळी ओढायची, तीही तिने उचललेली.

गेल्या पावसाळ्यात सर आणि काकू तिला बघायला आले. सर आता बरेच वाकलेत. ओसरीवर बसून ते बागेकडं बघत होते. मामा पुढं, पोर मागं, दोघांचे हात पाठीमागं. सरांनी भिंगाला हात लावला, पण डोळ्याला लावलं नाही.

"सर," मी म्हटलं, "हे कसं?"

मला वाटलं, आता ‘असंल’ म्हणणार.

"मला न्हाई सांगता येत," ते म्हणाले. "पर लय बरं झालं, पोरी."

त्यांच्या तोंडून कशालाही बरं किंवा वाईट म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. काकूंनीही वळून बघितलं.

तेवढ्यात मुलगी बागेतून धावत आली. पाय मातीने भरलेले. अनोळखी म्हातारा बघून ती थबकली, मान वाकडी केली, आणि गल्लीने तिला शिकवलेला प्रश्न तिने सरांना विचारला.

"तुमी कुनाचे?"

सर गोंधळले. त्यांनी काकूंकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, दारात येऊन उभ्या राहिलेल्या आत्यांकडं बघितलं. मुलगी हलली नाही. तिला उत्तर हवं होतं.

"तुमचाच की," सर म्हणाले.

तिने क्षणभर विचार केला. कानाची पाळी ओढली.

"मग हात धुवा," ती म्हणाली. "जेवान तयार झालंय."